भट्टीच्या पाठीचा नंबर

मी एक जुनी पावभट्टी आहे, मित्रांनो, आणि माझा मुक्काम महिला तुरुंगात आहे. गुन्हा काही केलेला नाही. मला बांधलंच इथे. भाजक्या विटा, चुना आणि गवंड्याच्या शिव्या, एवढ्यावर मी उभी राहिले.

पहाटे मावशी माझ्या तोंडात लाकडं सारायची. मावशी म्हणजे जन्मठेपेची कैदी आणि आमची मुख्य पाववाली. पाव संपले की खरी गर्दी मागच्या अंगणात व्हायची, कारण माझी पाठ रात्र सरेपर्यंत उबदार राहते. बायका रांगेने येऊन तिला पाठ टेकवायच्या. याला सगळ्या 'पाठीचा नंबर' म्हणत. बाळंतिणीला आणि म्हातारीला मात्र रांग नसे.

पुढे तुरुंग इतका भरला, की बराकीत कूस बदलायची तर शेजारणीला विचारावं लागे. नवी बराक मंजूर झाली, पण पैसा आला तुटपुंजा. भिंती आणि थंडीसाठी शेगड्या केल्या तर छपराला काही उरेना. जागाही माझ्या मागचीच. मग ठरलं, की भट्टी पाडायची आणि तिच्या विटा वापरायच्या. त्या दिवशी मावशीचे पाव आयुष्यात पहिल्यांदा करपले.

मोजमापाला इंजिनिअरबाई आल्या. थंडी मी म्हणत होती. त्या सरळ येऊन माझ्या पाठीला टेकल्या.

"ओ बाई, इथे नंबर आहे," रांगेतली एक म्हणाली.

"मी सरकारी कामाला आलेय."

"मग आम्ही काय माहेरपणाला आलोय?" मावशीने विचारलं.

जेलरबाई रागावणार होत्या, पण त्यांनाच हसू फुटलं. इंजिनिअरबाई मुकाट्याने रांगेत गेल्या. नंबर आला, पाठ टेकली, डोळे मिटले. हलायचं नावच घेईनात.

"जेलरबाई," त्या तशाच म्हणाल्या, "हिला पाडून शेगड्या घ्यायच्या म्हणजे घरची गाय विकून दूध विकत आणायचं. बराक हिच्या पाठीलाच जोडू. एक भिंतही वाचेल."

वाचलेल्या पैशांत छप्पर बसलं. बराक उघडली तेव्हा मावशीने आतून माझ्या पाठीवर थाप मारली. "घे, आता दोन्हीकडून जुंपली तुला," ती म्हणाली, आणि बायका हसून लोटपोट झाल्या. आता कूस बदलायला कुणी कुणाला विचारत नाही.

तेव्हा मित्रांनो, जुनं काही पाडायच्या आधी एकदा त्याला पाठ टेकवून बघा. मात्र नंबर लावून.