निळी फुली

"आई, हे काय करून ठेवलंयस?"

धाकटी दारातच थबकली. बैठकीच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर निळ्या खडूची चांगली वीतभर फुली होती. दुसरी खिडकीच्या चौकटीवर. तिसरी जमिनीवर, जिथली फरशी पायाखाली डुगडुगायची.

"खुणा केल्यात," आई म्हणाली. "तो माणूस यायच्या आत. म्हणजे त्याला शोधत बसायला नको."

"अगं, आपले दोष आपणच दाखवायचे? पूस आधी. फडकं कुठंय?"

"फडक्याला हात लावू नकोस."

सोफ्यावर बसलेला थोरला पोट धरून हसत होता. "राहू दे ना गं. जन्मात पहिल्यांदा आई माझ्या उपयोगी पडतेय."

"तू गप्प बस, दादा. आई, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"

"मालाच्या," आई म्हणाली.

बाहेर गाडी थांबली. कोणीतरी फाटक ढकललं. ते अडलं. फाटकावरही फुली होती.

घर

घर साधं. एकमजली, तीन खोल्यांचं, कौलांवर शेवाळ धरलेलं. वस्ती जुनी; लावली तेव्हा गुडघ्याएवढी असलेली झाडं आता घरांपेक्षा उंच झालेली. रस्त्यावरची सगळी घरं एका साच्यातली होती. हल्ली त्यातलं एकेक पाडून तिथे काचेचं काहीतरी उभं राहत होतं.

नवरा गेल्यावर कळलं, त्याने घर दोन्ही मुलांच्या नावावर केलं होतं. बायकोने कुठे राहायचं, ते त्याने लिहिलंच नव्हतं. विसरला असेल. किंवा तिला घरातच धरलं असेल, नळ आणि खिडक्यांसारखं.

ठरलं होतं ते एवढंच: थोरला घर ठेवणार आणि धाकटीला तिच्या अर्ध्या वाट्याचे पैसे देणार. घराची किंमत व्हॅल्युअर सांगणार. म्हणून सकाळपासून थोरल्याला ते खुराडं दिसत होतं आणि धाकटीला महाल.

आईला? आईला ते तपासणीच्या टेबलावर आलेल्या चादरीसारखं दिसत होतं.

चादर

इथे घर थांबवून कारखाना सांगायला हवा, नाहीतर फुली कळायची नाही.

चादरींच्या कारखान्यात ती तपासनीस होती. लग्नाआधी लागली, गुडघे गेले तेव्हा सुटली. काचेचं टेबल, काचेखाली दिवे. वरून कापड सरकत जायचं आणि तिचा अंगठा त्यावरून फिरायचा. सुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ. दिसली की फुली. एक फुली म्हणजे दुय्यम माल, कमी भावाला. दोन फुल्या म्हणजे चिंध्या.

फुली पुसायची नाही, हा तिथला एकच नियम. शेजारच्या टेबलावरच्या एका पोरीने एकदा थुंकी लावून बाहीच्या टोकाने फुली पुसली. फार छोटी गाठ होती, चादर छान होती, तिला वाटलं जाऊ दे. संध्याकाळी तिची नोकरी गेली. तक्रार कोणी केली? हिनेच. पोर दारात रडत उभी होती तेव्हा ही तिच्या शेजारून चालत गेली आणि घरी येऊन पोटभर जेवली. त्याचं तिला पुढेही कधी काही वाटलं नाही. मालात दोष होता.

बस. परत घर.

माणूस

व्हॅल्युअर गोड बोलणारा होता. भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायचा, कान लावायचा, मान हलवायचा. फुल्या बघून तो खूश झाला.

"आजी, सगळं तुम्हीच केलंत, मग मी कशाला आलो?"

"तुमचं बघा ना तुम्ही. माझं काही राहिलं असेल तर सांगा."

"ही ओल?"

"जुनी आहे. कौलांच्या पन्हाळीतून उतरते. आमच्या ह्यांनी रंग मारून झाकली होती. मी खरवडून काढला."

"खरवडून!" धाकटीने कपाळावर हात मारला. थोरल्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बऱ्याच वर्षांनी तिथे आला होता.

मग व्हॅल्युअर फोटो काढू लागला. "आजी, जरा बाजूला. फोटोत माणूस चालत नाही." ती सरकली. झोपायच्या खोलीत पलंगाशी उभी होती, सरकली. न्हाणीघराच्या दारातून सरकली. तिच्याच घरात तिला जिथे तिथे अर्धं पाऊल मागे जावं लागत होतं.

"आता एक विचारायचं राहिलं," व्हॅल्युअर म्हणाला. "घर रिकामं धरू की राहतं? म्हणजे आजींचं पुढे काय?"

"आई इथेच राहणार," थोरला लगेच म्हणाला. "शेवटपर्यंत. तिला इथून कोण हलवतंय, बघतोच मी."

"काहीतरीच काय, दादा! आई माझ्याकडे येणार. खोलीसुद्धा तयार आहे."

"तिला इथली सवय आहे."

"तिला नातवंडांची सवय व्हायला नको? किती वर्षं एकटी काढायची तिने?"

"आई माझी आहे!"

"आणि माझी कोण? मोलकरीण?"

आई दोघांच्या मध्ये उभी होती. लहानपणी ही दोघं तिच्या कुशीसाठी अशीच भांडायची. तिने पदर सारखा करावा तसा स्वेटर खाली ओढला आणि लाजून म्हणाली, "अरे, भांडू नका माझ्यावरून. थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे राहीन की."

व्हॅल्युअरने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "नाही, मला एकच काहीतरी लागेल. फरक पडतो ना."

"कशात फरक?" आईने विचारलं.

"किमतीत. घरात वयस्क माणूस कायमचं राहणार असेल, तर तेवढं घर अडकून पडतं. कमी धरावं लागतं. रिकामं असेल तर पूर्ण."

मग आईचा अंगठा हलला, कापडावरून फिरल्यासारखा.

"म्हणजे मी असले तर कमी."

"तुमच्यावर काही नाही हो आजी, पद्धत आहे."

"किती कमी?"

"पाचवा हिस्सा धरा."

"आणि त्या ओलीने किती?"

"ओलीचं एवढं काही नाही," तो हसून म्हणाला. "ओल दुरुस्त होते."

स्वयंपाकघराचं दार

या दारावरही फुली आहे. ते नीट मिटत नाही; चार बोटं फट राहते. आत दोघं भाऊ-बहीण आहेत. बाहेर बैठकीच्या खोलीत आई आहे, ओल आलेल्या, फुलीच्या भिंतीला पाठ टेकून. व्हॅल्युअर अंगणात मोजमाप घेतोय.

थोरला: हळू बोल.

धाकटी: तूच हळू बोल. म्हणे शेवटपर्यंत! पाडणार आहेस ना तू घर? खरं सांग.

थोरला: पाडणारच. हे ठेवून काय करू? लोणचं घालू?

धाकटी: मग आई कुठे राहणार, ढिगाऱ्यावर?

थोरला: तुझी खोली तयार आहे ना?

धाकटी: कसली खोली! आमच्या ह्यांचं व्यायामाचं यंत्र आहे तिथे. जमिनीत ठोकून बसवलंय ते.

थोरला: मग बोललीस कशाला?

धाकटी: तू बोललास म्हणून. ती राहते म्हटलं की मला फटका. मी काय मूर्ख आहे?

थोरला: बरं, ऐक. पाचवा हिस्सा ना? दहावा धरू. अर्धं तू सोड, अर्धं मी.

धाकटी: म्हणजे अर्धी आई आहे आणि अर्धी नाही?

थोरला: (हसतो)

धाकटी: (हसते) शी! हसवू नकोस रे. आणि खरंच, तिचं काय?

थोरला: ते गावाबाहेरचं आहे ना, म्हाताऱ्यांचं. स्वच्छ आहे म्हणतात.

धाकटी: तिला कोण सांगणार?

थोरला: तू. तू मुलगी आहेस.

धाकटी: तू थोरला आहेस.

थोरला: बरं, व्हॅल्युअरचा आकडा येऊ दे. मग बघू.

धाकटी: चहा टाकू का त्याला?

थोरला: टाक. आईलाही दे घोटभर.

खूण

दोघं बाहेर आली तेव्हा चेहरे मोकळे झाले होते. कितीतरी दिवसांनी एकमेकांशी धड बोलली होती. धाकटीच्या हातात चहाचा ट्रे होता.

"आई, जमलं आमचं," थोरला म्हणाला. "मधला आकडा धरतोय. तू म्हणालीस तसंच. थोडं इकडे, थोडं तिकडे."

"चांगलं झालं," आई म्हणाली.

व्हॅल्युअर आत आला. "एवढ्या भिंतीचा फोटो राहिला. आजी, जरा..."

ती भिंतीपासून सुटली आणि बाजूला झाली. भिंतीवरची फुली पुसट झाली होती. व्हॅल्युअरने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अहो आजी, पाठीला लागला बघा सगळा खडू."

राखाडी स्वेटरवर, दोन खांद्यांच्या मधोमध, निळी फुली आली होती. ओलीने खडू भिजवला होता आणि लोकरीने तो ओढून घेतला होता. धाकटीने ट्रे खाली ठेवला. "थांब, झटकते."

"हात लावू नकोस."

"अगं, मळका दिसतोय."

"पुसायचं नसतं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. कारखान्यात असाच असावा. "चहा घ्या तुम्ही. गार होईल."

स्वतः तिने घेतला नाही. व्हॅल्युअरचा कप रिकामा झाल्यावर ती त्याच्या पुढे होऊन बाहेर गेली. फाटक नुसतं ओढून उघडत नाही; आधी जरा उचलावं लागतं, हे घरात फक्त तिला जमायचं. तिने ते उचललं, उघडलं आणि धरून उभी राहिली. मुलं पायरीवर आली.

व्हॅल्युअर रस्ता ओलांडून पलीकडे गेला. समोरून घराचा एक फोटो, शेवटचा. त्याने फोन समोर धरला, डोळे बारीक केले, मग हातानेच खूण केली: आजी, बाजूला.

"आई, सरक ना," पायरीवरून थोरला म्हणाला. "आई! अडवतेयस तू."

तिने फाटकाचा वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि रस्त्याकडे पाठ केली. स्वेटर खाली ओढून नीट केला. मग ती हलली नाही.

व्हॅल्युअर थोडा वेळ थांबला. एकदा घड्याळ बघितलं. मग त्याने फोटो तसाच काढला.