मोठ्यानं बोलायची मनाई

कोर्टाचा स्टे मी आणला तो शांततेसाठी. हे आधीच सांगून ठेवतो, नाईतर आमच्या रुआबांधा वस्तीत लोकं भलतंच सांगत फिरतात.

आमच्या क्लबचा मी सोळा वर्षांपासून सेक्रेटरी. क्लब खाजगी, मेंबर ब्याऐंशी, सारे विदर्भाकडचे. अर्धे माह्यासारखे स्टील प्लांटच्या ऑफिसातले बाबू, अर्धे तिथल्याच मिलमधले कामगार. दोन वर्षं वार्षिक सभा पारच पडली नाई, आन कारण एकच, तेजराम. चौतीस वर्षं मिलच्या धडधडीत काढली त्यानं. आता त्याले ऐकू कमी येते, आन आवाज असा का मले घरात बसून ऐकू यावा. हा उठला का मिलवाले सारे उठत, आन अध्यक्ष चष्मा खिशात टाकून घरी जात. शेवटी रजिस्ट्रारचं पत्र आलं. जूनच्या आत सभा घ्या, नाईतर क्लबवर प्रशासक बसवू.

भांडण होतं गयाबाईपायी. तिचा नवरा चिंधू मेंबर होता, दोन वर्षांमागं गेला. आमच्या नियमात मेंबर गेला का मेंबरशिप खतम. तेजराम म्हणे, बायकोच्या नावानं चालू ठेवा. अध्यक्ष म्हणत, नियम मंजे नियम. गयाबाईले टीनाच्या, पोरीच्या, लग्नासाठी हॉल पाहिजे होता, आन हॉल फक्त मेंबरले मिळते. त्या हॉलच्या विटा चिंधूनं स्वतः वाहिल्या होत्या. मले तिचं वाईट वाटे, खोटं कावून बोलू? पण मले सभा पाहिजे होती.

दुर्गच्या कोर्टातला अर्ज मीच लिहिला. बाबूगिरीत जन्म गेला, लिहायले काय जाते! तेजराम आन त्याचे आठ साथी मोठ्या आवाजात दहशत पसरवतात, असं लिहिलं. त्याले ऐकू येत नाई, हे नाई लिहिलं. मिलमधले सारेच तसे बोलतात, हेही नाई लिहिलं. हुकूम झाला का या नऊ जणांनी सभेत यावं, बोलावं, मत द्यावं, पण आवाज चढवू नये. चढवला तर कारवाई. मी पावर हाउसच्या बाजारात जाऊन नऊ झेरॉक्स काढल्या आन घरोघरी देऊन सह्या घेतल्या. तेजरामनं हुकूम दोनदा वाचला, आन मले चहा पाजला.

महिन्याभरानं सभा झाली. दारात एक हवालदार उभा केला होता. तेजराम पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात हुकुमाची घडी. गयाबाई मेंबर नाई म्हून बाहेर वऱ्हांड्यात बसली. नियम आहे तसाच राहील, असा ठराव अध्यक्षांनी वाचला, आन कोणाले बोलायचं आहे का म्हून विचारलं. तेजरामनं हात वर केला.

बोलणाऱ्याचं नाव पुकारायचं काम माह्यं. आता हा बोलला का ओरडणार, आपला आवाज त्याले कुठं ऐकू येते? ओरडला का हवालदार आत, आन सभा पुन्हा उधळली. मी मान खाली घालून रजिस्टर चाळत बसलो. जरा वेळानं त्यानं हात खाली घेतला. मिलवाले त्याच्याकडे पाहत राहिले, कोणी उठलं नाई. सहा मिनिटांत ठराव पास झाला. रजिस्टरात मी लिहिलं, सभा शांततेत पार पडली, आन खालती झोकात सही ठोकली.

बाहेर गयाबाई चपला घालून राहिली होती. म्हणे, "भैय्याजी, आज आतून आवाजच नाई आला. मले वाटलं, सभा सुरूच नाई झाली."

घरी येऊन मी वसुंधरेले सारं रंगवून सांगितलं. आमची ही सोळा वर्षांपासून त्याच हॉलमधे हळदीकुंकू करते. मेथी निवडता निवडता तिनं ऐकून घेतलं, मंग म्हणाली, "मंजे तुमी गेल्यावर मीपण वऱ्हांड्यातच."

असं अभद्र कायले बोलून राहिली, म्हणता म्हणता मी थांबलो. जानेवारीत माह्या छातीत स्टेंट बसला आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाज वाटली मले. आधी वसुंधरेसाठी वाटली, मंग गयाबाईसाठी, आन हा क्रम आठवला का अजूनही वाटते.

रविवारी तेजरामकडे गेलो. म्हटलं, खास सभा बोलावतो, गयाबाईचा ठराव मीच मांडतो, स्टे मागं घेतो, तू बोल, पायजे तेवढं ओरड. त्यानं कानामागं हात धरला. मले सारं दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगा लागलं, एवढ्या मोठ्यानं का शेजारचे गेटपाशी आले.

तेजराम खुर्ची सरकवून जवळ आला. आन बोलला तो इतक्या हळू का मलेच वाकून ऐका लागलं.

"महिनाभर हळू बोलाची प्रॅक्टिस केली मी, भैय्याजी. नातीले, उन्नतीले, समोर बसवून. आवाज चढला का ती हात दाखवे." त्यानं माह्याकडे पायलं. "तुमी नावच नाई पुकारलं."