जात्यावरची परीक्षा

माझी थोरली जाऊ पंचफुलाबाई, आमची अक्का, दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर मी तिलाच बोल लावत होते.

आमचं गाव लोह्यापासून तीन कोसांवर. राज्य निजामाचं, म्हणून कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी. आम्ही ख्रिस्ती मंडळी रविवारवाली, पण रविवारी सुट्टी कोण देणार? पाटलाच्या वावरातलं काम उरकायचं, हातपाय धुवायचे आणि मग उपासनेला बसायचं. मातीच्या भिंती आणि वर पत्रा, एवढंच आमचं देऊळ. वीस-बावीस घरं होती. एकमेकांना प्रेमाने सलाम करायची आणि सलाम झाला की तितक्याच प्रेमाने भांडायची.

मी मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकले होते. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

वर्षातून एकदा, ज्वारीची काढणी झाली की, उदगीरकडून पाळकसाहेब धोंडप्पा बैलगाडीने यायचे. मोठ्या माणसांची परीक्षा घ्यायचे. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि बारा शिष्यांची नावं, सगळं तोंडपाठ. पास होणारालाच प्रभुभोजनाला बसता यायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत मोडलेल्या भाकरीचा तुकडा मिळायचा. अक्काचे मालक, आमचे देविदास भाऊजी, पहिल्याच फटक्यात पास झाले होते. अक्का दाराजवळ बसायची. सगळे तो तुकडा तोंडात घालत, तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. घरी आल्यावर हसून म्हणायची, आपलं डोकं म्हणजे फुटका माठ. पण त्या दिवशी ती जेवायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शिकवायला वेळ तरी कुठला? दिवस वावरात जायचा. म्हणून पहाटे जात्यावर समोरासमोर बसून मी तिला शिकवायचे. खुंट्याला दोघींचे हात. मी एक ओळ म्हणायची, तीच ती माझ्यामागून म्हणायची. पुढे पुढे तर ती एकटीच सगळं म्हणू लागली, एक अक्षर चुकायचं नाही. शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नये ही आज्ञा मुद्दाम मोठ्याने म्हणायची, कारण भाऊजींचा डोळा शेजारच्या पांढऱ्या बैलावर होता. आणि हीच बाई पाळकसाहेबांपुढे उभी राहिली की पार मुकी. मला वाटायचं, हिला धीर नाही. खोट शिकवणारीतही असू शकते, हे शिकलेल्या बाईच्या डोक्यात लवकर येत नाही.

तिसऱ्या वर्षी साहेबांनी तिला पहिली आज्ञा विचारली. अक्का गप्प. साहेबांनी परत विचारलं, अगदी हळू आवाजात. अक्काच्या कपाळावर घाम आला. साहेब वही मिटू लागले. भाऊजींनी मान खाली घातली. मला तर असा राग आला की तिथेच तिला गदागदा हलवावं. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. मूठ वळलेली होती आणि ती नुसत्या हवेत गोल गोल फिरत होती.

बायकांनी मध्ये बोलायची रीत नव्हती. मी उठून उभी राहिले.

“साहेब, तिला जातं लागतं.”

देवाच्या घरात जातं कशाला, असं साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं. मी सांगून टाकलं की मी तिला जात्यावरच शिकवलंय, हात फिरल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाही, चूक माझी आहे आणि शिक्षा करायची तर मला करा. साहेबांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, आणा. पण तुम्ही खुंट्याला हात लावायचा नाही आणि ओठही हलवायचे नाहीत.

ज्यांनी जन्मात घरातला तांब्या उचलून ठेवला नव्हता, ते भाऊजी धावत गेले आणि जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या एकेक करून खांद्यावरून घेऊन आले. मी सुपात ज्वारी आणली. अक्का मांडी घालून बसली, पहिली मूठ घातली, घरघर सुरू झाली आणि तिचा आवाज मोकळा झाला. एकामागून एक आज्ञा येत होत्या. चौथी आली, विसाव्याच्या दिवसाची. ती संपली आणि त्याच चालीत, त्याच भक्तीने अक्का म्हणाली,

“हात चालव अक्का, लेकरं उठतील.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रोज पहाटे मी जे जे बोलले, ते सगळंच तिने पवित्र समजून पाठ केलं होतं; जात्यावर ती हे म्हणायची तेव्हा मला वाटायचं, माझी थट्टा करते. आठव्या आज्ञेनंतर “मूठ लहान घाल, भरड पडून राहिलंय” हेही आलं. मंडळी आधी खोकली, मग हसत सुटली. साहेबांनी रुमाल तोंडावर धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. दहावी आज्ञा आली तसं सगळ्यांनी वळून भाऊजींकडे पाहिलं. अक्काला कशाचाच पत्ता नव्हता. प्रार्थना झाली, बारा शिष्य झाले. साहेब म्हणाले, पुरे बाई, तुम्ही पास.

अक्काने मान हलवली. “जवारी उरली हाय, साहेब. मधीच कसं थांबू?”

मग शिष्य आणखी एकदा झाले.

साहेब दरवर्षी शहरातून डब्यात पाव आणायचे. आमच्या गावी पोचेपर्यंत त्याचा दगड झालेला असायचा. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. पुढ्यातल्या पिठाकडे बघून म्हणाले, याचीच भाकर करा. आम्ही दोघी घरी पळालो. मी चूल फुंकली, तिने भाकर थापली. घाईघाईत भाकर वाकडीच झाली.

त्या उपासनेला अक्का दाराजवळ बसली नाही, माझ्या शेजारी पुढे बसली. साहेबांनी भाकर मोडून तिच्या ओंजळीत तुकडा ठेवला. तिने तो तोंडात घातला, हळूहळू चावला, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पीठ जरा भरडच पडलं, सिंधे.”

माझ्याही तोंडात तीच भाकर होती, आणि ती मी तिच्यासारखीच हळूहळू चावली.