गळा चौदा इंच

बालमित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, शिंप्याची. साठ इंच लांब, पिवळी, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. माझे पहिले दोन आकडे आता पुसले गेले आहेत, कारण मापे घेणारे मला तिथेच चिमटीत धरतात.

कारखान्यात एका लांबलचक फितीवर आकडे छापून आम्हा बहिणींना कापले गेले. एका शिंप्याने मला विकत घेतले आणि त्याच दिवशी आपल्या मुलीच्या हाती दिले. ती तेव्हा नुकती मशीनवर बसायला लागली होती. टेप खुंटीवर टांगायची नसते, गळ्यात ठेवायची असते, एवढेच त्याने तिला सांगितले. तिने ते इतके मनावर घेतले की कितीदा मला गळ्यात तशीच घेऊन ती बाजारात जाई, आणि भाजीवाली विचारी, "काय ताई, आज भोपळ्याचं माप घेणार का?"

पुढे ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लागली. तिथले कटिंग मास्तर कुणाचे फारसे कौतुक करत नसत, पण तिच्या कॉलरींना ते नावे ठेवत नसत. लग्न झाले. नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. घरात सासूबाई होत्या आणि पुढच्या खोलीत तिची पायमशीन. सुट्टीच्या दिवशी ती घरीही शिवायची.

दीड वर्षाने तिला दिवस गेले. सातव्या आठवड्यात सगळे संपले. शेजारणी म्हणाल्या, होते असे पहिल्या वेळी, मनाला लावून घेऊ नकोस. तिने नाही लावून घेतले. निदान मशीनचा आवाज तरी पूर्वीसारखाच होता.

दुसऱ्यांदा नववा आठवडा होता. या वेळी लोकांना कारण हवे होते. काय खाल्लेस, काय उचललेस, कुठे घसरलीस, सगळे विचारून झाले आणि शेवटी बोट पायमशीनकडे वळले. दिवसभर पाय हलवल्यावर आत काय टिकणार, असे सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने मशीनचा पट्टा काढला आणि कपाटावर ठेवून दिला. कारखान्यात तिने हात जोडून काज-बटणाचे काम मागून घेतले.

मित्रांनो, नेमकी कधी सुरुवात झाली ते मला सांगता येणार नाही. हळूहळू तिला थंडी वाजू लागली. बाकीच्या बायका पंख्याखाली जागा मिळावी म्हणून भांडत, आणि ही स्वेटर घालून कोपऱ्यात बसे. केस गळून माझ्यावर चिकटत. आवाज घोगरा झाला. चेहरा सुजला. ऐकलेले माप वहीत उतरवेपर्यंत ती विसरू लागली. एकदा मास्तरांनी तिला पुन्हा कॉलरी कापायला दिल्या, तर तिने तीस कॉलरी एक इंच लहान कापल्या. मास्तरांनी त्या तिच्यापुढे टाकल्या आणि विचारले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" घरी सगळे म्हणत, दुःखाने खचली आहे. तीही तसेच समजत होती.

त्या वर्षी मालकाने सगळ्यांना करड्या रंगाचे कॉलरचे शर्ट शिवून घालायला सांगितले. तिने वहीतले स्वतःचे जुने माप काढले आणि हातशिलाईने शर्ट शिवला. वरचे बटण लागेना. तिने आरशासमोर उभे राहून मला गळ्याभोवती गुंडाळले. वहीत साडेबारा होते. मी चौदा दाखवले.

तिने दोनदा पाहिले. मग मला हाताने ओढून ताणून बघितले आणि म्हणाली, "सैल पडली ही टेप. हिच्यामुळेच मापं चुकतायत माझी."

मशीनचा खण उघडला आणि मी त्यात, फुटक्या बटणांबरोबर.

तिथे मी वर्षभर पडून होते. तिसरे बाळ गेले ते मी खणातूनच ऐकले. कुणी रडले नाही. सासूबाईंनी फक्त विचारले, "किती आठवडे?" ती म्हणाली, "सहा." एवढेच.

पुढे एक वयस्कर परिचारिका निवृत्तीच्या समारंभासाठी कपडे शिवून घ्यायला घरी आली; मशीन बंद असल्याने ही आता हातशिलाईची कामे घेई. ही नव्या टेपने माप घेत असताना परिचारिकेने हिच्याकडेच निरखून पाहिले आणि उकाड्यात स्वेटर कशाला, असे विचारले. मग पेलाभर पाणी मागवले. स्वतःसाठी नव्हे, हिच्यासाठी.

"मान वर कर आणि एक घोट घे," ती म्हणाली. हिने घेतला. खणाच्या फटीतून मी पाहिले, गळ्यावरचा फुगवटा घोटाबरोबर वर सरकला आणि खाली आला.

"थायरॉईड तपासलंयस कधी?"

"टेप खराब झालीय असं वाटलं मला," ही म्हणाली. परिचारिकेला ते काही कळले नाही. हिने खण उघडून मला बाहेर काढले आणि लोखंडी फूटपट्टीला लावले. इंचाला इंच जुळला. नव्या टेपलाही लावून पाहिले. केसाचा फरक नव्हता. ही खाली बसली.

रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरकडे जाताना तिने मला पर्समध्ये घेतले होते, आणि रांगेत बसल्या बसल्या ती मला बोटाभोवती गुंडाळत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गळ्यातली एक ग्रंथी शरीराचा वेग सांभाळते, आणि हिची फार मंदावली आहे. थंडी, सूज, विसरणे, सगळे त्यातलेच. तिन्ही बाळे त्यामुळेच गेली असे त्या खात्रीने सांगू शकत नव्हत्या. पण ते एक कारण असू शकते, आणि आधी ते सावरायला हवे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पुन्हा दिवस गेले तर लगेच भेटायचे.

तिने एकच विचारले, "मशीनमुळे नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्या संध्याकाळी नवऱ्याने कपाटावरचा पट्टा उतरवला, धूळ पुसली आणि मशीनला चढवला.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरे वाटले असते. वर्षभरात आवाज सुटला, स्वेटर गेला, कॉलरी पुन्हा सरळ बसू लागल्या. मी तिच्या गळ्यात परत आले. आणि तिला चौथ्यांदा दिवस गेले.

सासूबाई तिला अगदी फुलासारखी जपू लागल्या. बाळाला औषधे सोसत नाहीत, आता ती गोळी नको, असे त्या मायेनेच म्हणाल्या. ती इतकी घाबरलेली होती की तिलाही ते पटले. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचे नाही म्हणून डॉक्टरकडेही गेली नाही. आठव्या आठवड्यात तेही बाळ गेले.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गोळी कुणी थांबवली?"

"मीच," ती म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या. "खोटं बोलतेय ती. मी सांगितलं होतं. पहिल्यापासून तिलाच बोल लावत आले, आणि या वेळी मीच..."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. या वेळीही कारण गोळीच असे कुणी म्हणू शकत नाही, त्या म्हणाल्या. "पण पोटात बाळ असताना ही गोळी बंद करायची नसते, उलट बहुतेकदा वाढवावी लागते. हे मी तुम्हाला ठासून सांगायला हवं होतं. माझंही चुकलं."

याला दोन वर्षे झाली. तिला पुन्हा दिवस गेलेले नाहीत. जातील की नाही हे कुणी सांगत नाही, आणि घरात कुणी विचारतही नाही. रोज सकाळी सासूबाई गोळी आणि पाण्याचा पेला मशीनवर आणून ठेवतात. गोळीनंतर अर्धा तास चहा घ्यायचा नसतो, म्हणून त्याही तोवर चहा घेत नाहीत. दोघी समोरासमोर बसून राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सारखे थकत असेल, गारठत असेल, गळा भरल्यासारखा दिसत असेल, तर त्याला आळशी किंवा वेंधळे म्हणू नका. डॉक्टरकडे घेऊन जा. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नका. आणि मोठे झाल्यावर कधी एखाद्या बाईचे बाळ पोटातच गेल्याचे कळले, तर "काय केलंस?" असे तिला विचारू नका. "तुला काय होतंय?" असे विचारा. माझ्या ताईला तसे विचारायला पहिली तीन बाळे जावी लागली.