रामरावांची जागा

रामराव हा माणूस दत्तोबांनी तयार केला तो सुनेच्या एका प्रश्नामुळे.

दिवाळीचा फराळ संपत आला होता आणि अंथुर्ण्याच्या घरी ओसरीवर महाबळेश्वरचा बेत रंगला होता. बेत एसटीचाच. दत्तोबांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, म्हणजे प्रवास फुकट. लीलाबाईंना बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट. "दोघांत मिळून अर्धं माणूस जातंय. एवढ्यात तर उसाची मोळीबी हालत न्हाय," दत्तोबा म्हणाले. बारामतीहून फलटण, फलटणहून सातारा, आणि तिथून वर.

लीलाबाईंना पॉइंट, स्ट्रॉबेरी, घोडे यांतलं काही नको होतं. सगळा जन्म सपाट रानात गेलेला. ढग म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट. त्यांना एकदा ढग पायाखाली बघायचे होते. संक्रांतीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्याआधी हे उरकायचं होतं. ऑपरेशनची भीती वाटते असं त्या बोलत नसत. ढगांचं मात्र रोज काढत.

"पण तुम्ही दोघंच?" पुण्याहून आलेल्या सुनेनं, उत्कर्षानं विचारलं.

"दोघंच असाल तर जायचं नाही, आबा," मुलगा विजयसिंह म्हणाला. "आईला जिन्यावर धरावं लागतं, तुम्हाला संध्याकाळचं दिसत नाही."

लीलाबाईंचा चेहरा पडलेला दत्तोबांनी बघितला. "दोघं कशाला? रामराव हायत की बरोबर."

"कोण रामराव?"

"माळेगावचे. जुनं माणूस. महाबळेश्वर त्यांच्या पायाखालचं हाय."

दत्तोबा जन्मभर एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर बसलेले. गाडीवान कितीही कावला तरी चेहऱ्याची रेघ हलू द्यायची नाही, ही तिथली सवय. ती घरी कामाला आली.

पुढं विजयसिंहाचा रोज फोन. फोनागणिक रामराव वाढत गेले. त्यांचा नंबर? मोबाईल वापरत न्हाईत, कानात गुणगुणतं. वय? सत्तरीचे, पण काटक. थंडी सोसंल का? तपकिरी कोट हाय त्यांचा. मुक्काम? त्यांच्या बहिणीकडं. परत कसं येणार? परतीचं रामराव बघत्याल. उत्कर्षानं विचारलं, त्यांच्या मिसेस पण येणार का? तेव्हा दत्तोबांना नाइलाजानं त्या बाईला मारावं लागलं.

लीलाबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. "काय झालं हुतं वं तिला?"

"ताप आला हुता."

"कळवायचं तरी," लीलाबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसत बसले.

जायच्या दिवशी सकाळी बारामतीच्या स्टँडवर ही गर्दी. फलटणमार्गे साताऱ्याची गाडी लागली तशी दत्तोबांनी खिडकीतून टॉवेल आत फेकला. बरोबर तिघांच्या बाकावर पडला. आपल्याकडं ज्याचं फडकं त्याची जागा. आणि 'माणूस येतोय' म्हणणाऱ्याला पुरावा मागायची पद्धत नाही. लीलाबाई खिडकीशी बसल्या, शेजारी दत्तोबा. त्यांनी आपली पिशवी पायाशी न ठेवता मांडीवर घेतली, म्हणजे लीलाबाईंना पाय तिरका लांबवता यावा. कडेच्या जागेवर कुणी दाटीवाटीनं बसू नये म्हणून टॉवेल तिथं पसरला.

"माणूस येतोय," एकाला सांगितलं. दुसऱ्यालाही तेच. तिसरा चिवट निघाला.

"कोण येतंय, आबा?"

"रामराव. माळेगावचे. पाण्याची बाटली भरायला गेल्यात."

कंडक्टरनं डबल बेल दिली. गाडी हलली, आणि दारावर थाप पडली. तपकिरी कोटातला एक काटक म्हातारा वर चढला. हातात पाण्याची भरलेली बाटली. इकडंतिकडं न बघता तो सरळ त्यांच्या बाकाशी आला, टॉवेल उचलला, नीट घडी घातली, दत्तोबांच्या मांडीवरच्या पिशवीवर ठेवली आणि बसला.

"नळावर लई गर्दी," तो म्हणाला. "वहिनी, गुडघं कसं हायत?"

लीलाबाईंनी दत्तोबांच्या दंडाला धरलं. त्यांची नखं सदऱ्यातून टोचली.

कोण तरी थट्टा करतंय, असं दत्तोबांनी स्वतःला समजावलं. पण थट्टा करायला कुणाला तरी माहीत पाहिजे. कंडक्टर तिकीट फाडत आला. "तुमचं आधार कार्ड, काका?"

"काढायचं ऱ्हायलंय," रामराव म्हणाले.

"मग वय किती?"

रामराव दत्तोबांकडं वळले. "तुमी किती सांगितलं हुतं?"

"सत्तर," दत्तोबांच्या तोंडून गेलं. कंडक्टरनं मान डोलावली आणि रामरावांना अर्धं तिकीट दिलं. पैसे रामरावांनी दिले. नोटा कोऱ्या करकरीत होत्या, कुणी कधी हाताळल्याच नसाव्यात अशा.

बाहेर दोन्ही बाजूंनी ऊस पळत होता. उन्हं चांगली वर आली होती, पण दत्तोबांच्या रामरावांकडच्या खांद्याला माठाला टेकावं तसं गार लागत होतं.

"रामराव," त्यांनी धीर करून विचारलं, "मुक्काम कुठं म्हणायचा?"

"बहिणीकडं."

"घर कुठं हाय तिचं?"

"ते तुमी अजून सांगितलं न्हाय." रामराव समजूत घातल्यासारखं हसले. "असू द्या. रस्ता सरला की येईल."

"आणि परतीची गाडी?"

"परतीचं माझ्याकडं दिलंय न्हवं? मग तुमी का काळजी करता? ते आता काढायचंच न्हाय."

तेवढ्यात विजयसिंहाचा फोन. "रामराव आलेत ना? द्या त्यांना." रामरावांनी हात पुढं केला, आणि दत्तोबांनी मुकाट्यानं फोन दिला.

"व्हय, विजयसिंह. दोघंबी माझ्याजवळ हायत. आता तुमी त्यांची वाट बघत बसू नका."

फोन परत दत्तोबांच्या कानाला आला. मुलगा खूश होता. "भला माणूस वाटला, आबा. आवाज अगदी तुमच्यासारखा. मला आधी वाटलं तुम्हीच बोलताय."

नीरेच्या पुलाअलीकडं फाट्यावर ड्रायव्हर चहाला थांबला. रामरावही उठले. "बिनसाखरेचा सांगतो," म्हणाले आणि खाली गेले. बाटली जागेवर राहिली.

"चल, उतरू या," दत्तोबा घाईनं म्हणाले. "त्यो यायच्या आत. घरी जाऊ."

"मी न्हाय उतरायची." लीलाबाईंनी पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरली. "आता उतरले तर पुन्यांदा कोण सोडतंय मला? आन् ह्यो घरापतूर आला म्हंजी? तुमी बसवलाय, तुमीच उठवा. आधी पोराला खरं सांगा."

दत्तोबांनी फोन लावला. "इजू, रामराव न्हाईत. म्हंजी नव्हतंच कुणी. तू नको म्हणशील म्हणून मी आपलं बोललो."

"आबा, काय बोलताय? आत्ता मी त्यांच्याशी बोललो!"

"व्हय. तेच तर."

पलीकडं किल्ल्या वाजल्या. मग, "फलटणला उतरा. मी गाडी घेऊन निघतो."

लीलाबाईंनी फोन ओढून घेतला. "इजू, आमी दोघंच हाय आणि दोघंच वर जाणार. तुला न्यायला यायचं असलं तर महाबळेश्वरला ये. ढग बघितल्याबिगर मी गाडीत बसायची न्हाय." आणि फोन बंद केला.

फाट्यावर एक तरणी बाई चढली होती. कडेवर झोपलेलं पोर, खांद्याला पिशवी. बाकाशी येऊन तिनं बाटलीकडं बघितलं. "आबा, हितं कुणी हाय का?"

खिडकीतून टपरी दिसत होती. रामराव कागदी कप हातात धरून गाडीकडं वळले होते. त्यांनी दत्तोबांकडं बघितलं, आणि तिथूनच, नको, अशी मान हलवली.

काट्यावरचा चेहरा करायचा दत्तोबांनी प्रयत्न केला. जमला नाही.

"न्हाय," ते म्हणाले. "हितं कुणी न्हाय. कुणी येणारबी न्हाय. बस, पोरी."

बाई बसली. बाटली तिनं दत्तोबांच्या हातात दिली. ती हलकी लागली, बूच घट्ट आणि आत थेंब नाही.

रामराव पायरीपाशी आले होते. वर चढले नाहीत. गाडीला वळसा घालून खिडकीखाली आले. कपातल्या चहाला वाफ नव्हती.

"मला वाटलं, खरंच बोलावलंय," ते म्हणाले. रागानं नव्हे. दत्तोबांना वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"चुकलं, रामराव," लीलाबाईच बोलल्या. "तुमच्या मंडळींचंबी वाईट झालं."

"तिचं नाव काय हुतं, वहिनी?"

नाव ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तेवढ्यात बेल झाली.

गाडी पुलावर चढली तशी लीलाबाईंनी खिडकीतून मागं वळून बघितलं. रामराव रस्त्याच्या कडेला उसाला पाठ लावून उभे होते. बारामतीकडून दुसरी एसटी येत होती, दारापर्यंत भरलेली. रामरावांनी तिला हात केला. तिथं थांबा नव्हता. तरी गाडी हळू झाली, दार उघडलं, आणि आतून कुणीतरी टॉवेल धरलेला हात बाहेर काढून त्यांना घाई करायला लागलं.