चौदा लेनच्या मधलं बोलणं

माणसाने अंतरावर आणि काळावर मिळवलेल्या विजयाचं जगातलं सर्वोच्च स्मारक म्हणजे आमचं स्टेशन. एवढं वाक्य फलाटावर बोलायचं तर मला चार ट्रक लागतात.

कारण स्टेशन हमरस्त्याच्या बरोब्बर मधोमध आहे. सात लेन शिकागो शहराकडे धावणाऱ्या, सात तिथून पळ काढणाऱ्या, आणि मधल्या पट्टीत रूळ, फलाट व आम्ही. त्यामुळे इथे बोलायची एक रीत पडून गेली आहे. चार शब्द बोलायचे, ट्रक जाऊ द्यायचा, मग पुढचे चार. ऐकणाराही तोंड मिटून वाट बघतो. आमच्या फलाटावर लग्नं जुळली आणि मोडली, ती सगळी अशीच तुकड्यातुकड्याने.

बाहेर पडायला दोन जिने आहेत, एक दक्षिणेच्या पुलावर, एक उत्तरेच्या. त्यातला उत्तरेचा बंद करायचं शहराच्या वाहतूक मंडळाच्या मनात आलं. मिस व्हर्डेल टेट त्याच जिन्याने वृद्धाश्रमात कामाला जाते. एकतीस वर्षं म्हातारी माणसं उचलून तिचे गुडघे त्या माणसांपेक्षा म्हातारे झालेत. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. दक्षिणेच्या जिन्याने चढायचं, तर शिकागोच्या सरोवराचा वारा अंगावर घेत पुन्हा उत्तरेकडे चालत यायचं. तिच्या चालीने वीस मिनिटं जास्त.

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली. ट्रक गेला. “नोकरी सोडावी लागेल.”

“हे मंडळाला जाऊन सांग की,” क्लिओफस म्हणाला. क्लिओफस म्हणजे जन्मभर बसगाड्या दुरुस्त करून आता घरी बसलेला आमचा शेजारी.

“तू का नाही सांगत? तोंड गावाला गेलंय?”

“माझं कोण ऐकतंय? बायकोनं चाळीस वर्षांत ऐकलं नाही.”

“म्हणून तर चाळीस वर्षं टिकली बिचारी.”

शेवटी तीच गेली, आणि सोबतीला आम्ही दोघे. सभा शहरात, अकराव्या मजल्यावर. जाड गालिचा, जाड काचा, आणि टाचणी पडली तर दोनदा ऐकू येईल अशी शांतता. प्रत्येक नागरिकाला दोन मिनिटं. मग लाल दिवा.

व्हर्डेल माइकपुढे उभी राहिली. “माझं नाव व्हर्डेल टेट.”

थांबली. आम्हीही थांबलो.

“एकतीस वर्षं त्या जिन्याने जाते.”

पुन्हा थांबली. अठरा चाकांचा ट्रक निवांत जाईल, इतकी थांबली.

“माझे गुडघे आता...”

आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. छान चाललं होतं. नोकरीचा विषय निघायच्या आत लाल दिवा लागला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तिथे ट्रक नव्हताच.

“माझी दोन मिनिटं,” क्लिओफस उठून ओरडला. थांबला. “तिला द्या!”

यात त्याने त्यातलं अर्धं मिनिट खाल्लं.

“पेन्शनला दोन वर्षं आहेत,” व्हर्डेल म्हणाली. थांबली. “तोवर जिना राहू द्या.” थांबली. “नाहीतर मला घरी बसावं लागेल.” आणि लाल दिवा लागेपर्यंत मंडळाकडे नुसती बघत राहिली.

मंडळातली एक बाई डोळे टिपत होती. अध्यक्षांनी चष्मा काढला. एरवी लोक दोन मिनिटांत दहा मिनिटांचं भांडून घेतात. इतक्या शांतपणे त्यांना कुणी धारेवर धरलं नव्हतं. लगेच हात वर झाले. जिना तीन वर्षं उघडा राहणार.

अध्यक्ष उभे राहिले. “मिस टेट, या सभागृहाने पुष्कळ भाषणं ऐकली. पण आज तुमच्या मौनात मला पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट ऐकू आले. या शहराच्या सदसद्विवेकाला तुम्ही जागं केलंत. तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?”

सगळी सभा श्वास रोखून बसली. व्हर्डेलने माइक जवळ ओढला.

“ती कडेची खुर्ची रिकामी असेल तर इकडे सरकवता का?”