डब्यातला नंबर

ललिता गेली हे तिच्या नवऱ्याला, देवमनला, मंगळवारी दुपारी अकोल्याहून आलेल्या फोनवर कळलं. तिनं लिहिलेला कोडही गेला, हे कळायला पुढे तीन आठवडे लागले.

ललिता अकोल्याच्या एका कंपनीत वीजमीटरचे प्रोग्राम लिहायची. बडनेऱ्याहून रोजची गाडी. रविवारी मात्र अमरावतीच्या घरात, ओट्यावर, तिचं सोल्डरिंग चालायचं. धारणीकडच्या तीन आरोग्य उपकेंद्रांसाठी तिनं हौसेनं डबे केले होते. लसींचा फ्रिज गरम झाला की डबा मेसेज पाठवी. चाचणीपुरता तिनं त्यात स्वतःचा नंबर घातला होता. तिथल्या नर्सबाईंचे नंबर घातलेला नवा कोड लॅपटॉपवर तयार होता. जाऊन भरायचा तेवढा राहिला होता.

ऑफिसचा कोड ती रोज सर्व्हरवर चढवायची. ऑफिसातला प्रीतम म्हणायचा, "ताई, डब्यांचाबी नेटवर टाकून द्या ना. कोणाच्या कामी येईन."

"लय पसारा हाये रे. एकाच कामाच्या चार-चार फायली. नीट लावू दे, मंग टाकीन."

लॅपटॉप कंपनीचा होता. देवमन एसटीच्या वर्कशॉपमधला फिटर. तीस वर्षांत त्यानं एक पानासुद्धा घरी आणला नव्हता. ललिताच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो अकोल्याला जाऊन लॅपटॉप देऊन आला. कोणी मागितलाही नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात ललिताचा फोन वाजला. एका उपकेंद्राचा फ्रिज अकरा अंशांवर गेला होता. देवमननं त्याच फोनवरून तिथल्या नर्स बेबीताईंना फोन लावला.

"ललिताताई, बोला."

"मी तिचा मालक बोलून राहिलो. फ्रिज पाहा आधी."

विजेची लाइन गेलेली होती. बेबीताईंनी लसी बर्फाच्या पेटीत हलवल्या आणि परत फोन केला. तेव्हा देवमननं त्यांना ललिताचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "ताई म्हणे, मेसेज आमच्याच फोनवर येत जाईन. आता कसं?"

त्यानं प्रीतमला विचारलं.

"भाऊ, लॅपटॉप तर आला त्याच दिवशी पुसला. नव्या पोरीले दिला."

"सारंच पुसलं?"

"ऑफिसचं सर्व्हरवर होतं. बाकी काही असंन, कोणाले वाटलंच नाही."

"डब्यातून नाही काढता येत?"

"नुसते आकडे निघतात त्यातून. नव्यानंच लिहा लागते. अन् तिन्ही डबे येगळे. कोणती वायर कुठी, ते ताईलेच माहीत." मग प्रीतमनं विचारलं, "भाऊ, काहून एवढी घाई केली?"

"दुसऱ्याची वस्तू होती."

तेव्हापासून देवमन दोन फोन बाळगतो. आंघोळीला गेला तरी ललिताचा फोन दाराबाहेर स्टुलावर असतो. पोळ्याच्या दोन दिवस आधी तो बहिणीकडे धामणगावला गेला आणि चार्जर घरी विसरला. फोन बंद पडला. घरी येऊन चालू केला तेव्हा दुपारचे सहा मेसेज एकदम आले. बेबीताईंच्या उपकेंद्रातल्या लसी फेकाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी टोचायला बोलावलेली लेकरं तशीच परत गेली.

प्रीतम म्हणतो, एखाद्या रविवारी बसतो. तिन्ही डब्यांत अजून ललिताचाच नंबर आहे. नवा कोड लिहायचा राहिला आहे.